सात आखूड, एक लांब!

बालमित्रांनो, आजी-आजोबा, काका-काकू आणि चिमुकल्या भावंडासोबत भूमध्य समुद्रात बोटीने फिरायला निघालात, तर चढल्यावर पहिलं काय कराल? पोहण्याचा तलाव शोधाल? अंहं! आधी संकटकाळची कवायत. सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला, की ठरलेल्या जागी जमायचं.

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बोट खडकावर आदळली. ३२ जण दगावले. त्याच संध्याकाळी चढलेल्यांची कवायत झालीच नव्हती! म्हणून २०१५पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते.

छोट्याच्या मापाचं जीवरक्षक जाकीट मागून घ्या. भोंगा झाला तर छोट्याला कोण उचलेल, आजीचा हात कोण धरेल, हे आई-बाबांबरोबर आधीच ठरवा. मग खुशाल तलाव गाठा!