रात्रीच्या रस्त्यासाठी कोणती लेन्स?
रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर फोटो काढायला जाणारे बरेच जण कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स लावून जातात आणि घरी येऊन कॅमेऱ्याच्या नावाने बोटे मोडतात. दोष असतो उजेडाच्या हिशेबात. ५५ मिमीला त्या लेन्सचे ॲपर्चर एफ ५.६च्या पुढे उघडत नाही, एफ १.८ची प्राइम लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. चालता माणूस स्पष्ट यायला निदान १/१२५ सेकंद हवा, आणि इथे स्टॅबिलायझेशन कामाचे नाही. ते आपला हात सावरते, समोरच्याची पावले नव्हे. स्वस्त म्हणून सगळे ५० मिमी सुचवतात. पण एपीएस-सी सेन्सरवर ती ७५ मिमीसारखी वागते, आणि मिनारा मशिदीजवळच्या त्या गर्दीत मागे सरकणार कुठे? एफ १.४चा हव्यासही नको (दुकानदार आग्रह करेलच!), फरक जेमतेम दोन-तृतीयांश स्टॉपचा, तो आयएसओ वाढवून भागतो. ३५ मिमी एफ १.८ घ्या, आयएसओ ३२००ला घाबरू नका, आणि तव्यामागच्या माणसाचा फोटो अगदी जवळून घ्यायचा तर आधी त्याला विचारा.