ठाणे खाडीलगतच्या पाणथळींना संरक्षण मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक,
कांदळवन कक्ष, मुंबई.

विषय : ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याबाहेरील, भरतीच्या वेळी पक्ष्यांचा आसरा असलेल्या पाणथळींना कायदेशीर संरक्षण मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाडीकाठचे रहिवासी व पक्षिनिरीक्षक सविनय निवेदन करतो की, ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा व 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातले सूक्ष्म शेवाळ हे छोट्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अन्न. हा पक्षी जगभरात संकटाच्या उंबरठ्यावर आहे. कर्ल्यू आणि ब्लॅक-टेल्ड गॉडविटही दूर उत्तरेकडून येथे हिवाळ्याला येतात. तिवर-चिप्पीच्या कांदळवनाच्या दाटीत कोल्हे वावरतात, तर मुळांशी निवट्या, खेकडे आणि माशांची पिल्ले वाढतात. त्यांवर कोळीवाड्यांची चूल अवलंबून आहे.

मात्र भरती आली की चिखल बुडतो. रोहितांना उभे राहण्यापुरते उथळ पाणी तेव्हा मिळते ते नेरूळ-सीवूड्स परिसरातील डीपीएस, एनआरआय व टीएस चाणक्य या तलावांत, आणि हे तलाव अभयारण्याबाहेर आहेत. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या की तलाव आटतात. 2024 च्या उन्हाळ्यात याच परिसरात रोहित पक्षी मृत्युमुखी पडले. आजचे संरक्षण पक्ष्यांना ओहोटीपुरतेच आहे. भरतीत ते उघड्यावर पडतात.

म्हणून आमच्या मागण्या :

1. राज्य वन्यजीव मंडळाने 2025 मध्ये डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. त्याच धर्तीवर एनआरआय व टीएस चाणक्य पाणथळींसाठी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 36अ खाली प्रस्ताव पाठवावा.
2. भरतीचे पाणी आणणारे नाले व मोऱ्या मोकळ्या कराव्यात आणि त्यांची दरमहा तपासणी व्हावी.
3. पाणथळ नियम, 2017 नुसार सीमांकन करून भराव व राडारोडा टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवावेत.
4. रोहितांच्या मुक्कामाच्या काळात पाणथळींलगतचे प्रखर दिवे मंद ठेवण्याबाबत महापालिकेस कळवावे.
5. कोळी बांधव व अभ्यासकांसह देखरेख समिती नेमून पक्षी, प्राणी व कांदळवनस्पतींची वार्षिक नोंद जाहीर करावी.

पक्षिगणना, स्वच्छता व गस्तीसाठी आम्ही मनुष्यबळ देण्यास तयार आहोत. पुढील हंगामात पक्षी परतण्यापूर्वी पहिल्या दोन मागण्यांवर कार्यवाही करून आम्हांस लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
ठाणे खाडीकाठचे रहिवासी व पक्षिनिरीक्षक

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, ठाणे.