दोन आठवडे ताप उतरत नाही? सुरंगीच्या दवाखान्यात ‘गाव कुठलं?’ हेही विचारा

सुरंगी आणि सिल्वासा परिसरातल्या कारखान्यांत बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. याच राज्यांतले काही जिल्हे आणि पश्चिम बंगालचा काही भाग काळा आजाराचे जुने पट्टे आहेत. दादरा नगर हवेली किंवा पालघर त्या यादीत नाहीत, आणि अडचण इथेच आहे. जो आजार आपल्याकडचा नाही, तो पटकन डोक्यात येत नाही.

वाळूमाशी चावल्यावर आजार उघड व्हायला साधारण दोन ते सहा महिने लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे कामगार गावाहून धडधाकट येतो आणि आजारी इथे पडतो. ‘गेल्या आठवड्यात कुठे गेला होतात?’ एवढ्यावर भागत नाही. मागच्या वर्ष-दोन वर्षांचा मुक्काम विचारावा लागतो.

लक्षणं काय? दोन आठवड्यांहून जास्त ताप, वजन घटणं, अशक्तपणा, रक्त कमी होणं आणि डाव्या बरगडीखाली हाताला लागणारी प्लीहा, म्हणजे पाणथरी. काहींची कातडी काळवंडते, त्यावरूनच नाव पडलं. मात्र मलेरियातही ताप येतो, प्लीहा वाढते. आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या सिकलसेलमध्येही रक्त कमी होतं, प्लीहा वाढू शकते. त्यामुळे नुसत्या तपासणीवरून निदान होत नाही. मलेरियाच्या आणि अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ताप हटला नाही, तर पुढची चाचणी हवी.

ती चाचणी म्हणजे आरके-३९. बोटातून थेंबभर रक्त, काही मिनिटांत निकाल. पण तिलाही मर्यादा आहेत. रुग्ण बरा झाल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह येते, म्हणून आजार उलटला का हे तिच्यावरून कळत नाही. एचआयव्ही असेल तर ती चुकून निगेटिव्ह येऊ शकते. शंका राहिली की अस्थिमज्जा किंवा प्लीहेतल्या नमुन्यात परजीवी शोधावे लागतात.

उपचार आहे. लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी शिरेतून, बहुतेकांना एकाच दिवशी. उपचार न झाल्यास मात्र बहुतेक रुग्ण दगावतात.

देशाने 2023 मध्ये दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठलं. ते तीन वर्षं टिकवलं तरच जागतिक आरोग्य संघटनेची मोहोर मिळते. रुग्ण कमी झाले की डॉक्टरांची सवयही जाते, आणि उरलेला रुग्ण नेमका सुरंगीसारख्या ठिकाणी निसटतो. भारतात हा रोग माणसाकडून माशीमार्फत माणसालाच होतो, म्हणून निसटलेला एक रुग्ण गावी परतला की साखळी पुन्हा सुरू होऊ शकते.

रुग्ण आज सिल्वासात, उद्या वापीत, परवा तलासरीत दाखवतो. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, पुन्हा मलेरियापासून सुरुवात. जुने कागद जपून सोबत नेणं रुग्णाच्या हातात आहे. सीमेपलीकडच्या दवाखान्याला कळवणं मात्र यंत्रणेचं काम आहे.