खेळाडूंचा योगक्षेम

ज्येष्ठ सरून आषाढ लागला कीं आमच्या मावळांत दोन प्रकारची धांदल एकदमच सुरू होते. इंद्रायणीकांठच्या खाचरांत भाताची लावणी, आणि घराघरांत दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या प्रवेशाची विवंचना. कार्ल्याहून उतरून मळवली स्टेशनावर पुण्याच्या लोकलगाडींत चढणाऱ्या कांहीं मुलांच्या पिशवींत या दिवसांत गुणपत्रिकेबरोबर आणखी एक कागद असतो. तो म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यानें पडताळून दिलेलें खेळाचें प्रमाणपत्र. कोणी कबड्डींत जिल्ह्यास खेळलेला असतो, कोणी खोखोंत, कोणी धांवण्यांत. त्या कागदाच्या बळावर कित्येकांस कॉलेजांत जागा मिळते. आणि ज्याचें नांव मैदानावर विशेष झालें असेल त्याच्याकडे एखाद्या कॉलेजचा क्रीडाशिक्षक आपण होऊन येतो व "आमच्याकडे या, फी माफ करवितों, राहण्याचीही सोय पाहतों" असें म्हणतो.

मावळांतून माणसें निवडून नेणें हा प्रकार तसा फार जुना. शिवछत्रपतींनीं या खोऱ्यांतूनच आपले पहिले सोबती वेंचले. इंग्रजी भाषेंतही कॉलेजसाठीं खेळाडू जमविण्यास जो शब्द आहे तोच फौजेच्या भरतीस आहे. परंतु आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं असा भरतीवाला आजवर फिरकलेला नाहीं. "खेळत बसलास तर पुढें खाशील काय?" हा प्रश्न ज्या घरांत आजोबांनीं वडिलांस आणि वडिलांनीं मुलास विचारला, तेथें मुलाच्या खेळासाठीं कोणी परका मनुष्य आर्जव करीत येतो हें पाहून मंडळी एक तर हुरळून जातात, नाहीं तर त्यास दारांतूनच वाटेस लावितात. दोन्हीही आम्हांस अप्रशस्त वाटतात. या पाहुण्याशीं काय बोलावें, हा आजचा आमचा विषय.

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक सुंदर द्वंद्वसमास आहे. अलीकडे आपण तो नुसत्या 'उदरनिर्वाह' या अर्थीं वापरून त्याचें निम्में तेज घालविलें आहे. टीकाकार त्याची फोड अशी करितात कीं, जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हा क्षेम. खेळाडू मिळविण्याच्या या साऱ्या व्यवहारास आम्ही हीच कसोटी लावतों. योगाची विद्या आपल्या कॉलेजांस आतां चांगली अवगत झाली आहे. क्षेमाची झाली आहे काय?

ही विद्या सर्वांत वाढली ती अमेरिकेंत. १८९१ सालीं तेथील स्प्रिंगफील्ड गांवच्या एका शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें हिंवाळ्यांत मुलांस घरांतल्या घरांत खेळतां यावें म्हणून सज्जाच्या कठड्यास फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहून काढले आणि बास्केटबॉल जन्मास घातला. त्या टोपलीभोंवतीं आज जो बाजार भरतो तो पाहून त्या सज्जन शिक्षकास काय वाटलें असतें कोण जाणे! कॉलेजांचे प्रशिक्षक आपल्या प्रांतांतील आणि परप्रांतांतील हायस्कुलें पालथीं घालतात, सोळा-सतरा वर्षांच्या उंच पोरांच्या घरीं जाऊन आईबापांसमोर बैठक मारतात, आणि शिष्यवृत्तीचें वचन देतात. परंतु त्या वचनाची मुदत किती? १९७३ सालीं तेथील कॉलेजांच्या मध्यवर्ती क्रीडामंडळानें चार वर्षांची शिष्यवृत्ति बंद करून ती एकेक वर्षाची केली. मुलगा अपेक्षेप्रमाणें खेळला नाहीं, किंवा त्याच्याहून सरस दुसरा मिळाला, तर पुढच्या वर्षीं ती त्याला पुन्हां न देण्याची मोकळीक झाली. अनेक वर्षांची शिष्यवृत्ति देण्याची मुभा परत येण्यास २०१२ साल उजाडावें लागलें, आणि केवळ खेळ उतरला म्हणून शिष्यवृत्ति काढून घेऊं नये असा ठराव तेथील पांच बड्या गटांतील कॉलेजांनीं केला तो २०१५ सालीं. म्हणजे जगांतील सर्वांत धनाढ्य कॉलेजांस क्षेमाचा पहिला धडा गिरविण्यास चाळीस वर्षें लागलीं. २०२५ पासून तर तेथील कॉलेजें खेळाडूंस उघडपणें पैसेच देऊं लागलीं आहेत. एका कॉलेजनें वर्षाकांठीं वांटावयाच्या रकमेची पहिली मर्यादा सुमारें दोन कोटि पांच लक्ष डॉलर ठरली. एवढ्या मोठ्या थैलीपुढें आमचें गणित चालत नाहीं, म्हणून तो विषय येथेंच सोडतों.

आपल्याकडे थैली लहान आहे, पण हेतु तोच. विद्यापीठांच्या सामन्यांतून जें विद्यापीठ सर्वांत पुढें येतें त्यास केंद्र सरकारकडून मौलाना आझाद यांच्या नांवाचा चषक मिळतो. हा क्रम १९५६-५७ पासून चालत आला आहे. २०२० पासून 'खेलो इंडिया' च्या विद्यापीठ स्पर्धांची त्यांत भर पडली. चषकाबरोबर वर्तमानपत्रांत नांव, आणि नांवाबरोबर विद्यार्थ्यांची रीघ, हें गणित खाजगी विद्यापीठांनीं झटकन ओळखलें. पंजाबाकडील कांहीं विद्यापीठें देशभरचे खेळाडू फी व जेवणखाण माफ करून आणतात. हरियाणाचा नीरज चोप्रा चंदीगडच्या कॉलेजांत शिकला व पुढें पंजाबांतील एका खाजगी विद्यापीठाचा विद्यार्थी झाला, हें तर सर्वश्रुतच आहे.

यावर आमच्याकडील चावडीवर एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. "बाहेरचीं पोरें आणून चषक मिळविला, त्यांत कॉलेजचा पुरुषार्थ कोणता? आमच्या मावळच्या पोरांनीं मग जावें कोठें?" आक्षेप घेणाऱ्यांचा कळवळा खरा आहे, पण मुद्दा आम्हांस पटत नाहीं. आमच्या डोंगरांतील लेण्यांकडेच पाहा. त्या महाचैत्याच्या स्तंभांवरील लेख वाचले तर कोणी स्तंभ दिला आहे धेनुकाकटच्या यवनानें, कोणी सोपाऱ्याच्या भिक्षूनें; आणि जंबुद्वीपांत उत्तम असें हें शैलगृह पूर्ण करविल्याचें ज्यानें कोरून ठेविलें आहे तो भूतपाल श्रेष्ठी तर दूर कर्नाटकांतल्या वैजयंतीचा. दोन हजार वर्षें झालीं, हें लेणें कार्ल्याचें नव्हे असें अद्याप कोणी म्हटलेलें नाहीं! बाहेरचा आला म्हणून कांहीं बिघडत नाहीं. तो येथें आल्यावर आपण त्याला आपला म्हणतों कीं भाड्याचा, एवढाच प्रश्न.

कोल्हापुरानें हें पूर्वींच करून दाखविलें. शाहूमहाराजांच्या आश्रयास उत्तरेकडील मल्ल येऊन राहात. १९१२ सालीं खासबागेचें मैदान तयार झालें. परक्या मल्लांशीं झोंबून आमचे मल्ल कसाला लागले. त्याच महाराजांनीं परगांवच्या विद्यार्थ्यांसाठीं १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहें काढविलीं. तालमीचा आखाडा आणि विद्यार्थ्याचें ताट यांची सांगड त्या नगरींत पडली होती, आणि त्या मातींतूनच पुढें ती गोष्ट घडली जी प्रत्येक कॉलेजच्या क्रीडाविभागांत भिंतीवर लिहून ठेवावी असें आम्हांस वाटतें.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव टिळक हायस्कुलांत शिकून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत आला. त्यास कोणी शोधून आणलेला नव्हता. उलट कॉलेजच्या वार्षिक सामन्यांत कुस्तीसाठीं नांव द्यावयास गेला असतां त्याची ठेंगणी देहयष्टि पाहून क्रीडाशिक्षकानें त्यास परत लाविलें. घरचें रत्न घरच्यास दिसूं नये, याचें याहून बोलकें उदाहरण कोणतें? मुलगा नेटाचा, तो सरळ प्राचार्यांपुढें गेला. परवानगी मिळाली आणि त्यानें आपल्याहून थोराड गड्यांस पाठीवर पाडलें. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्यानें तो लंडनच्या ऑलिंपिकला गेला व सहावा आला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हां पैसा जमेना. कऱ्हाडकरांनीं वर्गणी काढली, आणि त्याचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतला. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यानें कुस्त्या लढवून पैसा जमविला आणि गुरूचें घर सोडवून दिलें.

या कथेंतील पदकाचीच चर्चा लोक करितात. आमचें मन त्या गहाणखतापाशीं अडतें. प्राचार्यांस त्या सात हजारांतून कोणता चषक मिळणार होता? आपल्या हाताखालून गेलेला मुलगा, एवढेंच नातें. क्षेम म्हणतात तो हाच. तो कॉलेजनें राखला, गांवानें राखला. पण पुढें सरकारास तितकासा राखतां आला नाहीं. १९५५ सालीं फौजदार म्हणून पोलीसखात्यांत शिरलेल्या या वीरास बढतीसाठीं वर्षानुवर्षें तिष्ठावें लागलें, निवृत्तिवेतनासाठीं झगडावें लागलें. १९८४ सालीं तो अपघातांत गेला, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. आज महाराष्ट्रांत सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं शेंकडा पांच जागा राखून ठेविलेल्या आहेत. पण त्याबरोबरच खोटीं प्रमाणपत्रें करून त्या जागांवर डल्ला मारणारेही निघाले. असो.

आमच्या हाताखालून गेलेल्या एका मुलाची हकीगत सांगतों. वांगडाच्या पोरांत तो चढाईस असा जाई कीं पाहणाऱ्याच्या डोळ्याचें पातें लवूं नये. बारावीनंतर एका कॉलेजनें त्यास नेलें. फी माफ, वसतिगृहांत खोली. पहिल्या वर्षीं त्याच्या जिवावर कॉलेजनें सामने जिंकले. दुसऱ्या वर्षीं त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली ती बापानें भातखाचराचा एक तुकडा विकून. तिसऱ्या वर्षाच्या आरंभीं काठी टेकीत तो वसतिगृहाशीं गेला, तों त्याच्या खोलींत परप्रांतांतून आणलेला दुसरा चढाईबहाद्दर उतरलेला! कॉलेजनें लबाडी केली असें म्हणतां येत नाहीं. कारण लिहून कांहींच दिलेलें नव्हतें. आणि त्या नव्या मुलाचा तर यत्किंचितही अपराध नव्हता. त्याच्या गुडघ्याचा विचारही कोणी केलेला नसणार. आमच्या विद्यार्थ्यानें पुढें मुक्त विद्यापीठांतून पदवी घेतली व आतां लोणावळ्यास एका चिक्कीच्या दुकानांत हिशेब लिहितो. हिशेब चोख असतो, असें मालक म्हणतात.

एकत्र कुटुंबांतल्या मंडळींस येथें आणखी एक सांगावेंसें वाटतें. संस्थेकडून क्षेम होत नसेल तेथें घरानेंच तो केल्याचीं उदाहरणें आहेत. रमाकांत आचरेकरांनीं सचिन तेंडुलकरास वांद्र्याच्या शाळेंतून दादरच्या शारदाश्रमांत जाण्याचा सल्ला दिला, कारण तेथील संघ बलाढ्य होता. ही एका परीनें भरतीच. १९८८ च्या फेब्रुवारींत त्यानें व विनोद कांबळीनें शाळेसाठीं ६६४ धांवांची जी भागीदारी केली ती सर्वांस पाठ आहे. परंतु त्या मुलाचा रोजचा वांद्र्याचा हेलपाटा वांचावा म्हणून शिवाजी पार्काजवळ राहणाऱ्या काका-काकूंनीं त्यास आपल्या घरीं ठेवून घेतलें, हें त्या धांवफलकावर कोठेंच लिहिलेलें नाहीं. पुण्यास घर असलेल्या आमच्या वाचकांनीं, विशेषतः भगिनींनीं, दीर-नणंदांचा एखादा खेळणारा मुलगा दारीं आला तर हें ध्यानांत आणावें.

बाकी त्या पाहुण्यास विचारावयाच्या गोष्टी घरगुतीच आहेत. मुलगी जेथें द्यावयाची तेथें आपण केवढी चौकशी करतों! मग मुलगा चार वर्षांसाठीं परक्याच्या हवालीं करतांना फी माफ झाली कीं बाकी कांहीं विचारावयाचें नाहीं, असें कां? सवलत किती वर्षांची, दुखापतीचा खर्च कोणाचा, परीक्षा आणि सामना एकाच दिवशीं आले तर काय करणार, मागील पांच वर्षांत नेलेल्यांपैकीं पदवीपर्यंत पोंचले किती, हें सारें स्पष्ट विचारावें आणि उत्तर कागदावर घ्यावें. त्या शिक्षकाचा राग मात्र धरूं नये. बहुधा तो बिचारा भला असतो, स्वतः कधींकाळचा खेळाडू असतो, आणि त्याच्या हातीं फी माफ करण्यापलीकडे फारसें कांहीं नसतें.

आमच्याच आळींतील एका मुलीकडे परवां असेच दोन गृहस्थ येऊन गेले. मुलगी उत्तम खोखो खेळते. चहा झाला, फराळ झाला, फीची गोष्ट झाली. इतका वेळ वाती वळीत बसलेल्या आजींनीं तेव्हां तोंड उघडलें.

"अहो सर, पोरीचा पाय दुखावला तर तिची खोली तिचीच राहील ना?"

"आजी, असं अभद्र कशाला बोलावं?"

"अभद्र नव्हे हो. विचारून ठेवते. तेवढं लिहून द्या म्हणजे झालं."

पाहुणे म्हणाले, प्राचार्यांस विचारून पत्र धाडतों. त्यास आज नऊ दिवस झाले. प्रवेश-अर्ज भरून देवघरांत ठेविलेला आहे, मुदत यायच्या शनिवारीं संपते, आणि अर्जासोबत भरावयाचे पैसे आजींच्या कनवटीस आहेत.