प्राध्यापकाची खुर्ची आणि कुलगुरूंचे आसन





मागील वर्षीच्या जयंती-समारंभात बारावीची परीक्षा दिलेल्या आपल्या मुलामुलींना व्यासपीठावर बोलावून, पुढे काय होणार ते प्रत्येकाने सांगावे, असा एक छोटा कार्यक्रम ठेवला होता. डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर अशी उत्तरे येत होती आणि टाळ्या पडत होत्या. मुसफ्फा येथील एका कारखान्यात फोरमन असलेल्या आपल्या सभासदाची कन्या पुढे आली व म्हणाली, "मला एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकायचे आहे." "म्हणजे विमान कंपनीत नोकरी का, बाळ?" एका ज्येष्ठ सभासदांनी कौतुकाने विचारले. "नाही काका, मला त्या विषयाची प्राध्यापक व्हायचे आहे आणि पुढे कुलगुरू." सभागृहात हशा पिकला. तो हशा प्रेमाचा होता, त्यात कुचेष्टा नव्हती. हसणाऱ्यांत प्रस्तुत संपादकही होता. मुलगी मात्र हसली नाही.

त्या रात्री घरी परतताना मनाला एक प्रश्न टोचत राहिला. कलेक्टर होणार म्हणणाऱ्या मुलाला आपण हसलो नाही, मग हिलाच का हसलो? उत्तर शोधू जाता असे दिसते की, शासनाच्या खुर्चीत सत्ता असते हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकविले आणि ते आपण पक्के ध्यानात ठेवले. विद्यापीठाच्या आसनात त्याहून दीर्घायुषी सत्ता असते, हे मात्र आपल्या मनात अद्याप रुजलेले नाही. काय शिकवायचे, कोणी शिकवायचे, कोणत्या संशोधनास पैसा द्यायचा आणि कोणाच्या तक्रारीची चौकशी करायची, हे त्या आसनावरून ठरते. कलेक्टरची बदली तीन वर्षांत होते; निवड समितीने नेमलेला प्राध्यापक तीस वर्षे शिकवितो.

विद्यापीठासाठी आपल्या समाजाने प्राण वेचले नाहीत असे कोण म्हणेल? मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला आणि प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांनी काय किंमत मोजली, ते येथे पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. प्रवेशद्वारावरचे नाव आपण मिळविले. आतल्या आसनाचा विचार आपण तितक्या निकराने केला काय?

बाबासाहेबांनी तो केला होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. १९३५ मध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि तिच्याद्वारे सिद्धार्थ व मिलिंद ही महाविद्यालये उभी केली. परंतु या प्रसंगी विशेष स्मरण व्हावे ते २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनाचे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना सादर केलेल्या त्या निवेदनात त्यांनी स्पष्टपणे मांडले की, केवळ कला व कायदा या शाखांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही. त्यांना विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण हवे, ते महाग असल्याने सरकारने त्यासाठी अनुदान द्यावे आणि विद्यार्थ्यांना परदेशीही पाठवावे. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा यांत अग्रगण्य असलेल्या पुरुषाने हे लिहावे, याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही.

आपल्यातून विद्येच्या क्षेत्रात सर्वोच्च पदी पोहोचलेल्यांची नावे आठवू लागलो की प्रथम ओठांवर येतात ती डॉ. भालचंद्र मुणगेकर, डॉ. नरेंद्र जाधव आणि डॉ. सुखदेव थोरात यांची. पहिले २००० साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, दुसरे २००६ साली पुणे विद्यापीठाचे, आणि मिलिंद महाविद्यालयात शिकलेले डॉ. थोरात त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. तिघांचाही आपणास सार्थ अभिमान आहे. आणि तिघेही अर्थशास्त्राचे! बाबासाहेबांचा विषय त्यांच्या लेकरांनी असा मनापासून धरला, ही आनंदाची गोष्ट; परंतु बेचाळीसच्या निवेदनातील शब्द त्यामुळे अधिकच आठवतात.

एरोस्पेसचा प्राध्यापक संस्थेचा धुरीण झाला तर काय घडते, याचे उदाहरण भारतात आहे. प्रा. सतीश धवन १९५१ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, पुढे वैमानिक अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख झाले. बंद बोगद्यात वेगाने हवा सोडून विमानाच्या प्रतिकृतीची परीक्षा घेण्याचे विंड टनेल नामक यंत्र असते. ध्वनीपेक्षा अधिक वेगाची अशी यंत्रे त्यांनी तेथे उभारली. १९६२ ते १९८१ ते त्या संस्थेचे संचालक होते. १९७२ मध्ये अवकाश संशोधन संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारतानाही त्यांनी संचालकपद सोडले नाही. १९७९ साली एस. एल. व्ही. ३ हे पहिले उड्डाण फसले तेव्हा पत्रकारांपुढे ते स्वतः गेले, आणि पुढच्या वर्षी यश आले तेव्हा त्यांनी डॉ. कलाम यांना पुढे केले. नेतृत्वाची आकांक्षा म्हणजे केवळ मोटार व मानमरातब नव्हे, हे सांगण्यास याहून वेगळा दाखला नको.

आपल्या मराठी मुलखातील उदाहरण हवे असेल तर डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे घ्यावे. १९०८ साली कोल्हापूरकडच्या हसूरचंपू या गावी जन्मलेल्या या माणसाने जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल यांच्यासारख्या आचार्यांच्या हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली, बंगलोरला वैमानिकीच्या अध्यापनाचा पाया घालण्यास हातभार लावला आणि एच. टी. २ हे स्वदेशी शिकाऊ विमान १९५१ साली आकाशात नेले. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये राखीव जागांचा हुकूम काढला, तेथूनच हे घडले. खेड्यातून आकाशापर्यंत वाट आहे. ती आपल्यासाठी कितपत मोकळी आहे, हे पाहावयास हवे.

ते पाहण्यास कानपूरला जावे लागते. तेथील आय. आय. टी.च्या एरोस्पेस विभागात १ जानेवारी २०१८ रोजी एक दलित तरुण सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाला. त्याने त्याच संस्थेतून पीएच.डी. केली होती. काही ज्येष्ठ सहकारी आपल्या जातीवरून व पात्रतेवरून अवमान करतात, अशी तक्रार त्याला पहिल्याच महिन्यात करावी लागली. चौकशीत सहकाऱ्यांच्या वर्तनावर ठपका आला. प्रकरण अनुसूचित जाती आयोग आणि उच्च न्यायालय येथपर्यंत गेले. त्यानंतर त्याच्या प्रबंधावर वाङ्मयचौर्याचा आरोप पुढे आला आणि २०१९ मध्ये पदवी काढून घेण्याची शिफारसही झाली. तेव्हा देशोदेशीच्या चारशेहून अधिक अध्यापकांनी त्याच्या बाजूने पत्र लिहिले. तो तरुण मैदान सोडून गेला नाही, हे समाधान. सिडनहॅमचे पाण्याचे भांडे १९१८ चे, कानपूरची तक्रार २०१८ ची. कालगणना ज्याची त्याने करावी.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ साली झाला. त्याच्या परिशिष्टात काही संस्था वगळल्या आहेत, आणि त्यांत अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा व तिरुवनंतपुरमची अंतराळ भौतिकी प्रयोगशाळा आहेत. म्हणजे आकाशाच्या दाराशीच फाटक! कुलगुरुपद तर एकच. एकल पदास आरक्षण लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ठरविलेले आहे. तेव्हा तेथे पोहोचावयाचे ते नियमांची पायरी-पायरी चढूनच. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे कुलगुरूस किमान दहा वर्षे प्राध्यापकपदाचा किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतील अनुभव हवा. आता हिशेब मांडू. अठराव्या वर्षी प्रवेश, चार वर्षे पदवी, सहा वर्षे पुढचे शिक्षण व डॉक्टरेट, दोन वर्षे त्यानंतरचे संशोधन, सहायकापासून प्राध्यापक होईपर्यंत बारा-चौदा वर्षे, त्यावर दहा. आपली ती मुलगी चौपन्न वर्षांची होईल. छत्तीस वर्षांची ही वाट आहे, आणि आपण तिला काय दिले? एक भिंतीवरचे घड्याळ आणि शाल.

या वाटेवरचे पहिले टोक आपण सांभाळतो. गुणगौरव करतो, प्रवेशाची फी भरतो, फोटो काढतो. आपली मुले तुटतात ती मधल्या टप्प्यात, बाविसाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत. घरी बहिणीचे लग्न असते, बापाची नोकरी आखातातली म्हणजे उद्याची शाश्वती नसते, आणि कॅम्पस मुलाखतीत मिळणारा पगार संशोधनाच्या अधिछात्रवृत्तीहून किती तरी मोठा दिसतो. ती अधिछात्रवृत्ती तरी वेळेवर मिळते काय? बार्टीच्या २०२२ च्या तुकडीतील संशोधक विद्यार्थ्यांना आपल्या हक्काच्या रकमेसाठी आझाद मैदानात बसावे लागले. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती दरवर्षी ७५ जणांस मिळते; तिचे महत्त्व मोठे, पण रांग त्याहून मोठी.

दुसरी एक उणीव आपल्यातलीच आहे, तीही लिहिली पाहिजे. आपल्यातला एखादा प्राध्यापक कुलगुरुपदासाठी अर्ज करतो तेव्हा "पदासाठी धडपडतो आहे" असे प्रथम आपणच म्हणतो. इतरांची धडपड महत्त्वाकांक्षा ठरते आणि आपल्या माणसाची हाव! शोध समितीपुढे मुलाखतीस जाणाऱ्या माणसामागे शिफारसपत्रे असतात, जुने स्नेही असतात, पिढ्यांचे संबंध असतात. आपल्या माणसामागे निदान समाजाची सदिच्छा तरी असावी.

आपण राहतो तो देश या बाबतीत डोळसपणे पाहण्यासारखा आहे. याच अबुधाबीत खलिफा विद्यापीठ एरोस्पेस इंजिनिअरिंग शिकविते. अमिरातीचे 'अल अमल' यान जुलै २०२० मध्ये निघाले व ९ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्या मोहिमेचे वैज्ञानिक नेतृत्व करणाऱ्या सारा अल अमिरी २०२४ मध्ये शिक्षणमंत्री झाल्या. अनुकूलतेचा फरक आहे हे मान्य. पण तरुण मुलीने मोठ्या संस्थेचे स्वप्न बोलून दाखविले तर येथे कोणी हसत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवली आहे, ती येथे सर्वांच्या माहितीसाठी देतो. शिक्षण निधीचा एक-तृतीयांश भाग यापुढे विज्ञान व तंत्रविद्येत डॉक्टरेट करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राखावा; साहाय्य एकरकमी न देता पाच वर्षे दरमहा द्यावे; आणि सरकारी अधिछात्रवृत्ती अडकली तर तेवढे महिने बिनव्याजी उचल द्यावी. सत्काराची घड्याळे बंद केली तरी बरीच रक्कम निघते, असे कोषाध्यक्षांचे म्हणणे आहे. काही सभासदांना हा निधी दहावीच्या मुलांच्या तोंडचा घास काढणारा वाटतो. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, म्हणूनच एक-तृतीयांश म्हटले आहे, अर्धा नव्हे. निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. आपल्या नात्यात वा गावात असे संशोधक विद्यार्थी असतील तर त्यांची नावे सभेपूर्वी सचिवांकडे द्यावीत.

त्या मुलीला प्रवेश मिळाला आहे, असे तिच्या वडिलांनी परवा दूरध्वनीवरून कळविले. यंदाच्या समारंभात तिला पुन्हा व्यासपीठावर बोलावणार आहोत.

— संपादक