महाडचं तळं आणि आपली ग्रामसभा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत आपल्याला भेटतात ते घटनेचे शिल्पकार, देशाचे पहिले कायदामंत्री म्हणून. मला त्यांची आठवण होते ती महाड नगरपालिकेच्या एका ठरावावरून. चवदार तळं सर्वांना खुलं, असा ठराव १९२४ मध्येच झाला होता. पण तीन वर्षं तो दप्तरात पडून राहिला, लिहून ठेवलेला पण कधी चालवून न पाहिलेला प्रोग्राम असावा तसा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग मारहाण झाली. त्या दिवशी काहींना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. हे सांगताना आपली छाती फुगते. फुगू द्या, पण ती त्यांची कमाई, आपली नव्हे.

तळ्याचा खटला हायकोर्टात संपायला १९३७ उजाडलं. पुढे हिंदू कोड बिल अडलं, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदही सोडलं.

मी केळापूरचा. पुण्यात बसून हक्कांवर पोस्ट टाकतो, आणि गावच्या ग्रामसभेला आजवर एकदाही गेलेलो नाही. मतदारयादीत नाव अजून तिथंच आहे. कब्रस्तानाच्या रस्त्याचा विषय काढायचाय. पुढच्या सभेसाठी रजा टाकली आहे.