विश्लेषण : ह्युमिडिफायरच्या टाकीत पाण्याशिवाय काहीच का नको?

थंडी पडली की घसा खवखवतो, नाक आतून कोरडे पडते, रात्री खोकल्याची ढास लागते आणि घरात ह्युमिडिफायर येतो. हवा खरोखर कोरडी असेल तर त्याने आराम पडतो. पण ती कोरडी आहे का, हे मोजतो कोण? घरातील सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी, अशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची शिफारस आहे. ती ६० च्या वर गेली की भिंतींवर बुरशी येते, गाद्यांतील धूळकिडे वाढतात आणि दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. मुंबई-कोकणात हवा मुळातच दमट असते, तिथे हे यंत्र बहुधा अनावश्यक. विदर्भात उन्हाळ्यात तेच काम कूलर करतो! म्हणून आधी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्यावा.

खरा धोका टाकीत आहे. दक्षिण कोरियात टाकीच्या पाण्यात मिसळायची जंतुनाशके १९९४ पासून दुकानांत मिळत होती. टाकी स्वच्छ राहावी, एवढाच हेतू. २०११ मध्ये, गर्भवती आणि बाळंतिणींना झालेल्या गंभीर फुप्फुसविकाराचा माग काढताना तपास या द्रावणांपर्यंत पोहोचला. त्यातील पीएचएमजी हे रसायन तुषारांबरोबर थेट फुप्फुसात जात होते. श्वासावाटे त्याचा काय परिणाम होतो, हे विक्रीआधी तपासलेच गेले नव्हते. शेकडो मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला. त्यात लहान मुलेही होती.

आपल्याकडे टाकीत कापूर, निलगिरीचे तेल, बाम, कधी जंतुनाशकाचे दोन थेंब सर्रास टाकले जातात. हे थांबायलाच हवे. ‘फक्त पाणी’ ही सूचना माहितीपत्रकात दडवू नये, खोक्यावर ठळक मराठीत छापण्याची सक्ती हवी.

पाणीही कसले? अल्ट्रासोनिक यंत्र पाण्यातले क्षारसुद्धा हवेत उडवते. फर्निचरवर बसणारी पांढरी पूड ती हीच. बोअरवेलचे पाणी त्यासाठी नकोच. उकळल्याने जंतू मरतात, पण सगळे क्षार जात नाहीत. डिस्टिल्ड पाणी उत्तम. टाकी रोज रिकामी करून कोरडी करावी, दर तिसऱ्या दिवशी घासावी. व्हिनेगर वापरल्यास साध्या पाण्याने नीट खळबळावी. खिडकीच्या काचेवर आतून पाणी साचू लागले तर यंत्र बंद करावे. आणि ते सुरू केल्यापासून खोकला, ताप किंवा धाप वाढली असेल, तर डॉक्टरांना यंत्राबद्दल आवर्जून सांगावे.